फोटोत माणूस नको

फोटोग्राफी शिकायला जायच्या आधी मी वीसेक वर्षं फोटोच काढत होते. क्लासच्या पहिल्या दिवशी मी हे जरा मान वर करून सांगितलं, आणि तिथेच माझं पहिलं हसं झालं.

मी विमा कंपनीसाठी नुकसानीचे फोटो काढते. कुणाची गाडी ठोकली, कुणाचं दुकान जळलं, कुणाच्या गोदामात पाणी शिरलं, की मला फोन येतो. मी जाते, चारी कोपऱ्यांतून चार फोटो घेते, मग जिथे मोडलंय तिथे जवळ जाऊन एक, शेजारी मोजपट्टी ठेवून. पुढचं वरचे साहेब बघतात. आमच्या धंद्यात चांगला फोटो म्हणजे ज्यावरून भांडण होत नाही असा फोटो. सावली नको, हललेला नको आणि मुख्य म्हणजे फोटोत माणूस नको.

याला कारण आहे. एका फर्निचरवाल्याचं दुकान जळलं होतं आणि मी फोटो घेत असताना तो कडेला उभा राहून हसला. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. कॅमेरा समोर आला की दात दाखवायचे, एवढंच त्याला लहानपणापासून माहीत. पण साहेबांनी तो फोटो बघितला आणि त्याचा दावा असा काही लटकला की विचारू नका. तेव्हापासून कॅमेरा डोळ्याला लावला की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "जरा बाजूला व्हा." मालक, ड्रायव्हर, डोळे पुसणाऱ्या बायका, सगळ्यांना मी बाजूला केलेलं आहे. कुणी कधी वाईट वाटून घेतलं नाही. निदान मला तसं वाटायचं.

तर अशी मी कला शिकायला गेले. मला हौस वगैरे अजिबात नव्हती. मी गेले आईमुळे.

आईच्या डाव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर, गोटीएवढी गाठ आली होती. ती बरेच दिवस होती. आई ती केसांच्या आड ठेवायची आणि कुणी विचारलं तर "थंडीने सुजलंय" म्हणायची, तेही भर उन्हाळ्यात. शेवटी मी तिला जवळजवळ ओढतच डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरबाई वयाने लहान होत्या, पण गोलगोल बोलणाऱ्या नव्हत्या.

"गाठ साधी आहे," त्या म्हणाल्या. "पण जागा वाईट आहे. चेहरा हलवणारी नस तिच्या आतून जाते. गाठ ठेवून चालणार नाही, आणि काढताना नस वाचवायचा आम्ही पूर्ण प्रयत्न करू."

"आणि नाही वाचली तर?" आईने विचारलं.

"डावा गाल आणि ओठ खाली येतील. थोडे येतील, जास्त येतील, आत्ता सांगता येत नाही. गप्प बसलेलं असताना फारसं जाणवणार नाही. हसताना कळेल."

आईने मान हलवली, आभार मानले, पर्स उचलली. बाहेर बाकावर बसून तिने चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढून पुसला. मग म्हणाली, "ऐकलंस ना? हसताना कळेल."

मी म्हटलं, "प्रयत्न करणार आहेत ना त्या."

"करू देत की. मला एक फोटो काढून दे. हसतानाचा. ऑपरेशनच्या आधी."

"स्टुडिओत जाऊ या."

"स्टुडिओतला पोरगा मला काय हसवणार? आणि तू काय करतेस मग रोज उठून? इतकी वर्षं फोटो काढतेस, त्यातला एक आईचा काढलास तर कंपनी बुडणार आहे का?"

आता आईच्या हसण्याबद्दल सांगायला हवं. आईने सगळी नोकरी बुटांच्या दुकानात केली. दिवसभर लोकांच्या पायाशी बसायचं, खोक्यातून बूट काढायचे, घालून द्यायचे, आणि वर बघून हसायचं. ती म्हणायची, गिऱ्हाईक बुटाकडे बघतच नाही. ते विकणारीच्या तोंडाकडे बघतं आणि मग ठरवतं बूट चावतोय की नाही. बाबा अचानक गेले तेव्हा मी शाळेत होते. आई पुढच्याच आठवड्यात दुकानात जाऊन हसायला लागली. नातेवाइकांत त्यावरून बरीच कुजबूज झाली. आई म्हणाली, कुजबुजणाऱ्यांनी दर महिन्याला भाडं भरावं, मी घरी बसून रडते. त्यानंतर कुणी बोललं नाही.

आणि या बाईचा हसतानाचा एकही फोटो आमच्या घरात नव्हता. ओळखपत्रावर हसायची बंदी. लग्नाच्या फोटोत ती इतकी घाबरलेली आहे की तिला कुणीतरी पकडून आणल्यासारखं वाटतं. बाबांनी काढलेल्या फोटोंत माणसं कपाळापासून वर नसायची. बाकी घरच्या प्रत्येक फोटोत आई कप भरायला आत गेलेली.

मी म्हटलं, त्यात काय मोठंसं. रविवारी सकाळी आईला जेवणाच्या टेबलाशी बसवलं, कॅमेरा घेतला आणि चारी कोपऱ्यांतून चार फोटो काढले. मग जवळ जाऊन एक. आई हसत होती. म्हणजे दात दिसत होते. संध्याकाळी प्रिंट आणून तिच्या हातात दिले.

तिने चष्मा लावला. एकेक प्रिंट नीट बघितला.

"यात मी कुठेय?"

"ही काय."

"ही गाठ आहे. तिच्या मागे कुणीतरी म्हातारी बसलीय."

मी हातातून फोटो घेऊन बघितला. चूक काढायला जागाच नव्हती. पाचही फोटोंत गाठ लख्ख दिसत होती. तिच्यावरची बारीक लव, कडेची निळसर शीर, सगळं मोजून घ्यावं इतकं स्पष्ट. आईचे डोळे मात्र धुरकट होते.

"मोजपट्टी विसरलीस वाटतं," आई म्हणाली. "कितीला मंजूर होईन मी?"

त्याच आठवड्यात वाचनालयाच्या दारावर क्लासची पाटी दिसली आणि मी नाव घातलं. मला वाटलं, चारदोन युक्त्या समजून घ्यायच्या, फोटो काढायचा, विषय संपला.

क्लास शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. शिकवणारे सर पूर्वी वर्तमानपत्रात फोटोग्राफर होते. त्यांना आम्ही त्यांच्या पाठीमागे थांबासर म्हणायचो. कुणी कॅमेरा उचलला की ते म्हणायचे, "थांबा." का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "अजून काही झालेलं नाही." आता कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीला आणखी काय व्हायचं होतं, देव जाणे. पण बोलायची सोय नव्हती, फी भरलेली होती.

पहिला आठवडा त्यांनी आम्हाला चमचा दिला. खिडकीत चमचा ठेवायचा आणि त्याच्यावर उजेड दिवसभर कसा फिरतो ते बघायचं, मग एकच फोटो काढायचा. मी इमानदारीत केलं. माझ्या फोटोत चमच्याच्या दांड्यावरचा ओरखडा आला होता, अगदी सुरेख. सरांनी तो बराच वेळ बघितला.

"उजेड कुठेय?" ते म्हणाले.

"चमच्यावर."

"तुम्हाला काय दिसलं आधी?"

"ओरखडा."

"आणि मग?"

"मग काय? काढला फोटो."

दुसऱ्या गृहपाठाला ओळखीच्या माणसाचा चेहरा आणायचा होता. मी आईचे जेवणाच्या टेबलाचे फोटो पुढे केले, म्हटलं आयते आहेत. आमच्या वर्गात एक दाताचे डॉक्टर होते. त्यांनी आपल्या बायकोचा, मेव्हण्याचा आणि सोसायटीच्या वॉचमनचा फोटो आणला होता, आणि तिघांचेही फक्त दात स्पष्ट आले होते. सरांनी त्यांचे तीन आणि माझे पाच शेजारी शेजारी मांडले.

"तुम्हा दोघांच्या फोटोंत माणसं नाहीत," सर म्हणाले. "तक्रारी आहेत."

दाताचे डॉक्टर मनापासून हसले. मला राग आला. मी म्हटलं, "सर, मोडलेलं दिसतं तर मी काय करू? डोळे मिटून काढू?"

"नाही. फोकस डोळ्यावर ठेवा. तुमच्या जवळचा जो डोळा असेल त्याच्यावर. काही दिवस एवढंच करा, स्वतःचं डोकं चालवू नका."

ऐकायला हे किती सोपं आहे. मी घरी जाऊन आईच्या डाव्या डोळ्यावर फोकस ठेवायचे आणि बटण दाबायच्या क्षणी तो कानाखाली घसरायचा. कॅमेऱ्याचा दोष म्हणून कॅमेरा दुकानात दाखवला. दुकानदाराने पंधरा फोटो काढून दाखवले, सगळे नीट. दोष माझाच होता. गाठीकडे बघायचं नाही असं ठरवलं की नजर सरळ तिथेच जायची. आई भाजी चिरत असली, फोनवर बोलत असली, झोपलेली असली, मला आधी गाठ दिसायची आणि मागून आई. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. कामावर जे मोडायचं ते मी पोचायच्या आधीच मोडलेलं असायचं. इथे मोडायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवलेली होती.

शिकण्याचा एक वेगळाच ताप मात्र सुरू झाला. उजेड दिसायला लागला. बसमध्ये पुढच्या माणसाच्या कानातून आरपार येणारा लाल उजेड, जिन्यातला, बशीतला. एकदा ठोकलेल्या गाडीच्या बॉनेटवर संध्याकाळचं ऊन असं पडलं होतं की मी चेपलेला भाग सोडून तेच काढून आणलं. साहेबांचा फोन आला, "बाई, फोटो छान आहे, पण नुकसान कुठेय?" मला पुन्हा जावं लागलं. तोवर गाडीमालकाने गाडी दुरुस्तीला टाकली होती. तो एक वेगळाच गोंधळ झाला.

हे मी सरांना सांगितलं तर ते खूश झाले. कामावर ओरडा खाल्ल्याबद्दल माझं कौतुक करणारा तो एकच माणूस.

इकडे आईला हसवायचे प्रयत्न चालू होते. मी विनोद सांगून बघितले. मला विनोद सांगता येत नाहीत. शेवट आधी येतो. आई माझी दया येऊन तोंडदेखलं हसायची, आणि तसलं हसू फोटोत लगेच उघडं पडतं. मग मावशीला बोलावलं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण; दोघी एकत्र आल्या की लहानपणापासून हसून हसून लोळायच्या, अशी तिची ख्याती. मावशी आली, आईसमोर बसली, तिचा हात हातात घेतला, आणि दुसऱ्याच वाक्याला रडायला लागली.

"काही होत नाही गं ताई," नाक पुसत ती म्हणाली. "कळणारसुद्धा नाही."

"तुला काय माहीत?" आई म्हणाली. "तू डॉक्टर आहेस का?"

"तरी पण."

"तरी पण काय? म्हातारपणाचं मला काही नाही. केस पिकले, दाढा गेल्या, गुडघे गेले, मी हूं की चूं केलं? पण माझ्याकडे दाखवायला ते एकच होतं. त्याच्यावर मी घर चालवलं. ते गेलं तर मी लोकांसमोर काय घेऊन जाऊ?"

मावशी आणखी रडली. मी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि चहा टाकला. चहा झाल्यावर आई म्हणाली, "हे असंच चाललं तर रडतानाचाच फोटो निघेल, तोही हिचा."

पुढच्या शनिवारी मी सरांना सगळं सांगून टाकलं. तोपर्यंत सांगितलं नव्हतं; घरातलं आजारपण म्हणजे काही वर्गापुढे मांडायची गोष्ट नव्हे. ऑपरेशन जवळ आलं होतं आणि माझ्याकडे एकही फोटो नव्हता. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता "थांबा" म्हणाले तर मी कॅमेरा यांच्या डोक्यात घालणार.

ते म्हणाले, "जेवणाच्या टेबलाशी त्या कधी हसायच्या का?"

मी विचार केला. "नाही. टेबलाशी ती हिशेब करायची आणि मला ओरडायची."

"मग तिथे का बसवता?"

एवढंच. पुढे ते दाताच्या डॉक्टरांकडे वळले.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी बाथरूममधलं कपडे धुवायचं बुटकं स्टूल पुसून बाहेरच्या खोलीच्या खिडकीपाशी ठेवलं आणि आईला त्यावर बसायला सांगितलं. मी समोर खुर्चीवर बसले आणि कामावरचा बूट घातलेला उजवा पाय पुढे केला.

"हे काय नाटक?" आई म्हणाली.

"बूट दाखवा बाई. सहा नंबर."

"सहा? तुला सात लागतात. आणि हे कुणी दिले तुला? बघू." तिने माझी टाच तळहातात धरली, अंगठ्यापाशी दाबून बघितलं, चवड्याची दोन्ही बाजूंनी चाचपणी केली. "अंगठा दाबला जातोय. एवढी मोठी घोडी झालीस तरी बूट घेता येत नाहीत तुला. चालतेस कशी यात?"

ती बोलत राहिली. कुठल्या कारखान्याचे बूट आतून कागदाचे असतात, कोण गिऱ्हाईक मोजे फाटके म्हणून पाय लपवायचं, कोण नवऱ्यासमोर नंबर कमी सांगायचं. बोलताना ती खालून वर बघत होती आणि खिडकीतला उजेड तिच्या कपाळावरून खाली येत होता. मी हळूच कॅमेरा उचलला. फोकस जवळच्या डोळ्यावर ठेवला. तो तिथे राहिला. मी श्वास धरला, आणि माझ्या तोंडून, स्पष्ट, कामावरच्या आवाजात निघालं, "जरा बाजूला व्हा."

आई थांबली. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मागे भिंत होती ती बघितली.

"कुणाला सांगतेस?"

मी कॅमेरा डोळ्याला तसाच धरून बसले.

"अगं, मी बाजूला झाल्यावर राहतंय काय? स्टूल?"

आणि ती हसली. आधी नाकातून, मग खांदे, मग माझा पाय सोडून दोन्ही हात गुडघ्यांवर आपटत, पार शेजारी ऐकू जाईल असं. मीही हसत होते, कॅमेरा हलत होता, कशाचा कशाला पत्ता नव्हता. किती वेळा बटण दाबलं ते मला माहीत नाही. त्यातला एक फोटो नीट आला. त्यात आई आहे. गाठसुद्धा आहे, पण शोधावी लागते.

सरांनी तो फोटो बघितला आणि "हं" म्हणाले. वर्गातल्या कुणालाच त्याआधी "हं" मिळालं नव्हतं.

ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली आणि साधीच निघाली. डॉक्टरबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं की नस तुटलेली नाही, पण चांगलीच दुखावलीय. परत येईल का, किती येईल, कधी येईल, याला उत्तर नाही. तोंडाचे व्यायाम करायचे आणि वाट बघायची.

आईचा डावा गाल सैल पडला होता. त्या बाजूचा ओठ खाली आला होता आणि चहा पिताना एक धार हनुवटीवर यायची. डावा डोळा पुरता मिटायचा नाही, सारखं पाणी यायचं. ती रुमाल घेऊन बसायची. भेटायला येणारा प्रत्येक जण दारातून आत येता येताच म्हणायचा, "काही कळत नाही हो." मावशीने तर शपथेवर सांगितलं की ताई पहिल्यापेक्षा तजेलदार दिसतेय. आई सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि रुमाल ओठाला लावायची. हसायची मात्र नाही. कुणी काही गमतीचं बोललं तर ती मान खाली घालायची आणि पदर नीट करायची, पदर नीटच असला तरी.

मी तो फोटो मोठा करून, चौकट करून, तिच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावला. तिला बरं वाटेल म्हणून. तिनेच तर मागितला होता. ती म्हणाली, "छान आहे." काही दिवसांनी कामावरून घरी आले तर फोटो खाली काढलेला, तोंड भिंतीकडे करून उभा केलेला.

"पडला का?"

"मी उतरवला. शेजारच्या मुलाला खुर्चीवर चढवून."

"का?"

"ती बाई दिवसभर माझ्याकडे बघून हसते." बोलताना तिचे शब्द एका बाजूने घसरत होते, म्हणून ती सावकाश बोलत होती. "मला नाही सहन होत."

मला राग आला. लपवत नाही, चांगलाच आला. "तूच मागितला होतास. त्याच्यासाठी मी क्लास केला, चमचे काढले, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या."

"मागितला होता. तेव्हा मला वाटलं होतं, ती मीच असेन."

मी फोटो उचलला आणि माझ्या कपाटात कपड्यांच्या मागे ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ उभी राहिले. फोटो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला होता, आणि ज्या माणसासाठी काढला त्यालाच तो बोचत होता. रडू आलं. रडून घेतलं आणि भाजी टाकली.

व्यायाम रोज करायचे होते. आरशासमोर बसून गाल फुगवायचे, ओठ बाहेर काढायचे, भुवया उचलायच्या, हसायचा प्रयत्न करायचा. आई आरशासमोर बसायला तयार नव्हती. न्हाणीघरातल्या आरशावरही तिने टॉवेल टाकून ठेवला होता. मी रागावले, समजावलं, डॉक्टरबाईंची भीती घातली. ती ढिम्म.

मग एके सकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. मी कामावर निघत होते.

"तू बघ," ती म्हणाली.

"काय?"

"मी करते. उठतंय का ते तू सांग. बाकी सगळे खोटं बोलतात. तुला मोडलेलं दिसतं."

तिने गाल फुगवला. डाव्या बाजूने हवा निघून गेली.

"नाही," मी सांगितलं.

तिने ओठ ताणला.

"नाही."

"बरं. उद्या बघू," म्हणून ती उठली. मला वाटलं होतं ती खचेल. उलट तिने त्या दिवशी रुमाल बाजूला ठेवून चहा घेतला, सांडला, पुसला आणि दुसरा कप मागितला.

मग हे रोजचंच झालं. मी कामावर निघायच्या आधी ती समोर बसायची आणि मी बघायचे. वीस वर्षं मी पत्र्याचे पोचे बघितले होते. कुठून वाकलंय, किती आत गेलंय, मूळ रेषा कुठे होती, हे मला आपोआप दिसतं. तीच नजर मी आईच्या ओठाच्या कोपऱ्यावर लावून बसायचे. एकदाही वाढवून सांगितलं नाही, एकदाही कमी सांगितलं नाही. "नाही." "नाही." "आज काल होतं तसंच." एकदा वाटलं की कोपरा हलला, पण खात्री नव्हती, म्हणून "माहीत नाही" म्हटलं. आई म्हणाली, "माहीत नसेल तर नाहीच." पुढे कधीतरी कोपरा खरंच हलला. माशी बसली तर हलेल एवढा. मी म्हटलं, "हलला." आईने माझ्या डब्यात एक पोळी जास्त घातली.

क्लास मी सोडला नव्हता. वर्षाच्या शेवटी वाचनालयाच्या जिन्यात आम्हा सगळ्यांचे फोटो लागणार होते, प्रत्येकाचा एक. दाताच्या डॉक्टरांनी एका म्हाताऱ्या शिंप्याच्या हातांचा फोटो दिला होता, एकही दात नसलेला, आणि तो फार चांगला होता. सरांना माझा स्टुलावरचा फोटो हवा होता. मी घरी येऊन आईला विचारलं. तिचा चेहरा होता, तिला विचारणं भाग होतं.

तिने हातातल्या रुमालाची घडी करून तो बाजूला ठेवला. मग म्हणाली, "ती नको. लोक जिन्यात तिला बघतील आणि खाली मी उभी असेन. आण तुझा कॅमेरा."

"आत्ता?"

"मग कधी? डावी बाजू सगळी उठल्यावर?"

ती पलंगाच्या कडेला बसली. दुपार उतरली होती आणि उजेड बाजूने येत होता, नेमका डाव्या गालावर. मी म्हटलं, तोंड थोडं वळव, उजवी बाजू घेते. ती म्हणाली, काही गरज नाही. तिने केस कानामागे घेतले, पदराशी चाळा केला नाही, हात मांडीवर ठेवले. विनोद सांगायला मी गेलेच नाही. मी डाव्या डोळ्यावर फोकस ठेवला. त्यात पाणी साठलं होतं, ते तिने पुसलं नाही.

तिने वर बघितलं आणि हसली. उजवी बाजू उठली, गालाला खळी पडली. डावा कोपरा थरथरला, जरासा चढला आणि तिथेच अडकला. तिला ते कळत होतं. ती तसंच धरून बसली.

"आलं का?" तिने विचारलं.

"अर्धं," मी म्हटलं.

"मग आहे तेवढ्याचा काढ."

मी काढला.